वाण म्हणून लुटलेल्या गोळ्या

लोक मला म्हणतात, "डॉक्टरीणबाई, उज्जैनमध्ये एवढी बाळंतपणं केलीत, त्यातलं एखादं लिहा ना." अहो, बाळंतपणाचं काय लिहायचं? पोर बाहेर येतं, रडतं, आई हसते, घरचे पेढे वाटतात. माझं मन खरं रमलं ते ज्या कामात पेढे नव्हते त्यात. पंचेचाळीस-पन्नाशीच्या बायका माझ्या फ्रीगंजच्या दवाखान्यात यायच्या, दार लोटून घ्यायच्या, खुर्चीच्या कडेवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "काही नाही हो, जरा अंगात गरम गरम होतं." त्या 'काही नाही'मध्ये माझी कितीतरी वर्षं गेली, आणि देवाशपथ सांगते, एक दिवस कंटाळा आला नाही!

पुरुष वाचकांनी इथे पान उलटू नये. ही गोष्ट तुमच्याही घरात होऊन गेलीय, चालू आहे किंवा व्हायची आहे.

पाळी जायच्या सुमाराला बाईच्या शरीरातला एक रस कमी होत जातो. तो सरळ कमी होत नाही, तेच तर दुखणं आहे. आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा उसळला, असा त्याचा कारभार. मग छातीपासून एक भपका निघतो, मानेवरून चेहऱ्यावर चढतो, पोलकं घामानं भिजतं आणि लगेच थंडी वाजते. झोप उडते. ओठांवरचा शब्द आठवत नाही. जावेनं साधं "मीठ दे" म्हटलं तरी डोळे भरून येतात. आमच्याकडच्या बायका याला पित्त म्हणायच्या आणि आवळ्याचा मुरंबा खायच्या. कोणी दृष्ट काढायची. घरचे म्हणायचे, म्हातारपणी डोकं फिरलं.

आणि मग गोळी आली! लढाई संपली, इंग्रज गेला, शिंदे सरकारचं राज्य विलीन होऊन मध्य भारत झाला आणि फ्रीगंजच्या आमच्या केमिस्टकडे मुंबईहून स्टिलबेस्ट्रॉलची बाटली आली. यातलं मला सगळ्यात जास्त अप्रूप कशाचं वाटलं ते तेव्हा चारचौघांत बोलले असते तर देशद्रोही ठरले असते! शरीरातून जो रस आटत चाललाय त्याची उणीव भरून काढणारी एवढीशी पांढरी गोळी. मी इंदूरला डॉक्टरी शिकले तेव्हा आमचे मास्तर या विषयावर आले की "पुढे हे आपोआप शमतं" म्हणून फळा पुसायचे. आता शमेपर्यंत वाट बघायची गरज नव्हती. मी इतकी खूश झाले होते की केमिस्टच्या दुकानातच बाटली हलवून बघितली.

पण गोळी देणं सोपं, बसवणं अवघड. कमी पडली तर आग तशीच. जास्त झाली तर मळमळ, छाती दुखते, पाय सुजतात. शिवाय तीन आठवडे द्यायची आणि एक आठवडा थांबायचं, तर त्या थांबलेल्या आठवड्यात गेलेली पाळी कधी कधी परत दर्शन द्यायची. त्यामुळे एकीला अर्धी, दुसरीला एक, तिसरीला पहिले काही दिवस अर्धी आणि मग एक. सकाळी घेऊन ओकारी येते ना, मग रात्री जेवणावर घ्या. मापाचा तक्ता कुठल्याही पुस्तकात नव्हता. बाईला समोर बसवायचं, ती काय सांगतेय ते ऐकायचं आणि काय सांगत नाहीये तेही ऐकायचं. तव्याची आच जशी पोळीगणिक बघावी लागते तसं ते काम. आणि गोळी देण्याआधी तपासणी ही हवीच. छातीत गाठ असेल, कावीळ होऊन गेली असेल, मध्येच रक्त जात असेल, तर मी गोळीला हातही लावू द्यायची नाही.

आज ती गोळी कोणी देत नाही. पुढे तिचे दोष कळले, दुसऱ्या गोळ्या आल्या, जोडीला आणखी एक औषध द्यावं लागतं हेही कळलं. तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढ्यावर आम्ही चालत होतो. त्या बायकांचे चेहरे आठवले की मन थोडं चुकचुकतं, नाही असं नाही.

गिऱ्हाइकंही एकेक भारी! माधव नगरचे एक गृहस्थ एकटेच आले आणि म्हणाले, "मिसेससाठी ती गोळी द्या. फार बोलायला लागलीय." मी म्हटलं, "पंचवीस वर्षं गप्प होत्या ना? मग ते दुखणं आता बरं झालं. औषध कशाला?" भैरवगढची एक छिपा बाई यायची, कापडावर ठसे मारणाऱ्या घरातली. रंगाच्या उकळत्या कढईपाशी तिचं सगळं आयुष्य. ती म्हणाली, "बैनजी, अब पतो नी चले, गरमी भट्टी की है के म्हारी." मी तिला सांगितलं, चार दिवस कढईपासून लांब बस, मग कळेल. चौथ्या दिवशी हसत हसत आली, "म्हारी है!" मला तिच्या त्या शोधाचा इतका आनंद झाला की दोघी मिळून हसलो.

पण ज्यासाठी हे लिहायला बसले ती गोष्ट मनोरमाबाई मोघ्यांची.

मनोरमाबाई मुलींच्या सरकारी मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. उंच, सावळ्या, आवाज असा की मैदानातून हाक मारली तर रस्त्यावरचे टांगे थांबावेत. त्यांचे यजमान भाऊसाहेब दरबारच्या कचेरीत होते. त्यांना अर्धांगवायू झाला आणि ते पलंगाला खिळले. घर मनोरमाबाईंच्या नोकरीवर चाललेलं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला. राजधानी भोपाळ! चार राज्यांचे नोकर एका दावणीला बांधायचे, कोण वर, कोण खाली, कोणाला कुठे पाठवायचं, नुसता गोंधळ. आमच्याकडच्या मराठी घरांत दुसरा विषय नव्हता. मनोरमाबाईंना कळलं की कमिटी येणार, प्रत्येक मुख्याध्यापिकेला समोर बोलावणार, पसंत पडली तर पद राहील. नाही पडली तर साधी मास्तरीण म्हणून पार छत्तीसगडाकडे बदली. भाऊसाहेबांना पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागायची. त्यांना घेऊन त्या छत्तीसगडात कशा जाणार? आणि त्यांना सोडून कशा जाणार?

त्यात नेमकं व्हायचं ते झालं. शिक्षण खात्याचे एक साहेब शाळा बघायला आले. मनोरमाबाई त्यांना वर्ग दाखवत होत्या, हिंदीत माहिती देत होत्या, आणि वाक्याच्या मध्यावर तो भपका आला. चेहरा तांबडाबुंद, घाम, पुढचा शब्द सुचेना. बाई साहेबांना तसंच उभं टाकून पाण्याच्या खोलीत पळाल्या. साहेब सगळ्या मास्तरणींसमोर म्हणाले, "बाईजी की तबीयत अब काम की नहीं रही. इन्हें आराम देना चाहिए."

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दवाखान्यात. "डॉक्टरीणबाई, मी म्हातारी झाले का हो?"

"किती वय?"

"एकोणपन्नास."

"मग झाला नाहीत, होऊन राहिलात. त्याच्यावर माझ्याकडे औषध आहे."

त्या रडल्या. मग एकदम हसल्या. मग पुन्हा रडल्या आणि म्हणाल्या, "बघा, हे असंच होतं दिवसभर!"

मी तपासलं. सगळं ठीक. अर्धी गोळी सुरू केली. आठवड्यानं आल्या, "काही नाही, तसंच." एक केली. तर सकाळी प्रार्थनेच्या वेळी मळमळायला लागलं. गोळी रात्रीवर नेली, मळमळ गेली, पण छाती दुखायला लागली. मग एक दिवस एक, एक दिवस अर्धी, असं करून बघितलं. आणि बसली! एका संध्याकाळी त्या दवाखान्याच्या पायऱ्या धाडधाड चढून आल्या. "डॉक्टरीणबाई, मी झोपले! काल अशी झोपले की दूधवाला दार ठोकून परत गेला!" माझी आया जमनाबाई फडकं टाकून बघायला आली की कोण ओरडतंय. मी उठून नाचायची तेवढी बाकी राहिले होते.

केमिस्टनं त्यांना सांगितलं होतं, "बहनजी, विलायती माल का कोई भरोसा नहीं. बंबई से अगली बार कब आए, भगवान जाने. अभी इकट्ठा ले जाओ." म्हणून त्यांनी दोन-अडीच महिन्यांच्या गोळ्या एकदम नेल्या. कमिटी रथसप्तमीनंतर दोन दिवसांनी यायची होती. मी निर्धास्त.

संक्रांत झाली. आठ-दहा दिवसांनी माझ्या दवाखान्यात अचानक जत्रा! सगळ्या माधव नगरच्या आणि फ्रीगंजच्या मराठी बायका. एक ओकून ओकून बेजार, आणि मनातून घाबरलेली की या वयात दिवस तर गेले नाहीत? दुसरीची छाती दुखतेय. तिसऱ्या दिघेवहिनी. तीन वर्षांमागे त्यांची पाळी गेली, ती परत आलेली, आणि नेमकं नातीचं बारसं! त्यांच्या घरी अजून कडक शिवाशिव. आजीबाई बाजूला बसल्या आणि पाळण्याला दुसऱ्यांचे हात लागले. दिघेवहिनी रागानं थरथरत होत्या.

तीन वर्षांनी रक्त म्हटल्यावर मी बाकीच्यांना बाहेर बसवलं. त्यामागे काहीही भयंकर असू शकतं. मी त्यांना नीट तपासलं. तसं काही सापडलं नाही. "वेगळं काही खाल्लं, घेतलं?" प्रत्येकीला विचारलं. प्रत्येकीचं एकच उत्तर, "नाही बाई, काहीच नाही." आणि जी ती माझी नजर चुकवतेय! मला कळेना, गावात नवी साथ आली की काय? पन्नाशीच्याच मराठी बायकांना होणारी?

शेवटी जमनाबाईनं बाहेरच्या बाकावर बसलेल्या एकीला कोंडीत पकडलं आणि आत येऊन मला सांगितलं, "बाईसाब, ये सब मोघे मास्टरनी के यहाँ हल्दी-कंकू में गई थीं. वहाँ तिल्ली के लड्डू के साथ पुड़िया मिली. सफेद गोली की."

वाण! मनोरमाबाईंनी माझ्या गोळ्या संक्रांतीला वाण म्हणून लुटल्या होत्या!

मला कसं कळणार होतं? माझं लग्न अकराव्या वर्षी झालं आणि चौदाव्या वर्षी कुंकू पुसलं. भावानं हट्टानं शिकवलं म्हणून डॉक्टर झाले. गावातल्या सगळ्या बायकांची पोटं मी तपासायची, पण हळदीकुंकवाचं बोलावणं मला नसायचं. तिथे काय चालतं, काय लुटतात, ते माझ्या कानावर कधी येतच नसे.

टांगा केला आणि तशीच मोघ्यांच्या घरी. मनोरमाबाई भाऊसाहेबांना पेज भरवत होत्या. मी दारातूनच ओरडले, "मनोरमाबाई, अक्कल गहाण टाकलीत का?"

त्या उठून उभ्या राहिल्या, पण चेहऱ्यावर अपराध नावाला नाही. "काय झालं? अहो, सगळ्या जणी दर वर्षी आरसे, कंगवे, गाळणी लुटतात. घरात गाळण्यांचा ढीग पडलाय. मी म्हटलं, मला जे एवढं चांगलं मिळालं ते मैत्रिणींना नको? त्याही जळतायत माझ्यासारख्या. मला सगळ्यांची नावं ठाऊक आहेत, कोण गच्चीत जाऊन बसते, कोण नळाखाली डोकं धरते. पुड्या केल्या, तिळगुळाबरोबर दिल्या. कानात सांगितलं, रात्री जेवणावर घ्या."

"एकीनं लवकर गुण यावा म्हणून दोन-दोन घेतल्या! दिघेवहिनी बाजूला बसल्या नातीच्या बारशाला! एखादीच्या छातीत गाठ असती म्हणजे?"

तेव्हा त्या खाली बसल्या. "गाठ असली तर चालत नाही?"

"बिलकुल चालत नाही."

"मला वाटलं, बायकांचं औषध बायकांना चालतं." आणि मग हळूच म्हणाल्या, "मी सगळ्यांना तुमच्याकडे यायला सांगते. आजच."

"ते सांगालच. पण तुमच्याकडे किती उरल्या?"

"माझ्याकडे कशाला? मी तर बरी झाले ना!"

झालं! गोळी बंद करून त्यांना आठवडा होऊन गेला होता. माझ्याशी बोलता बोलताच त्यांच्या गळ्यावर लाली चढायला लागली. पौषातली थंडी, भाऊसाहेबांच्या अंगावर दोन रजया, आणि बाईंनी पदरानं वारा घ्यायला सुरुवात केली. कमिटी पंधरवड्यावर आलेली.

केमिस्टकडे गेले. बाटली रिकामी. इंदूरला माणूस पाठवला, तिथेही नाही. परत मोघ्यांकडे आले आणि म्हटलं, "ज्यांनी घेतल्या नाहीत त्यांच्याकडून परत आणा. मुकाट्यानं."

मनोरमाबाईंनी कानांवर हात ठेवले. "वाण परत मागू? सवाष्णीला दिलेलं वाण? काय बोलून राहिलात डॉक्टरीणबाई! शाळा गेली तरी बेहत्तर, पण मी कोणाच्या दारात वाण परत मागायला जाणार नाही. आणि त्या तरी देतील का? घरातली लक्ष्मी गेल्यासारखं वाटेल त्यांना."

"मग छत्तीसगडात जा!" मी ओरडले. आणि लगेच जीभ चावली, कारण पलंगावर भाऊसाहेब होते.

त्यांचं बोलणं अर्धांगामुळे जड झालं होतं. एकेक शब्द ओढून आणावा लागायचा. पण त्यांचे डोळे हसत होते. ते म्हणाले, "रथसप्तमी... झाली का?"

"नाही. का हो?" मनोरमाबाई म्हणाल्या.

"मग... त्यांची हळदीकुंकवं... राहिलीत. त्या तुला... वाणात देतील."

मग मी एवढ्या जोरात हसले की शेजारची बाई डोकावली! दरबारच्या कचेरीत उगाच नव्हते भाऊसाहेब. परत मागायचं नाही, परत द्यायचंही नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं. मैत्रिणींनी आपापल्या नावानं वाण लुटायचं, आणि ते मनोरमाबाईंच्या ओटीत पडायचं. शास्त्रात कुठे अडतंय?

प्रश्न एवढाच की पुढाकार कोणी घ्यायचा. मनोरमाबाई स्वतः दिघेवहिनींकडे गेल्या, बारशाबद्दल त्यांची माफी मागितली, बदलीचं सगळं सांगितलं. दिघेवहिनी तशा फटकळ. म्हणाल्या, "तुमच्या गोळीनं माझी नात माझ्या हातून पाळण्यात गेली नाही, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुमची शाळा गेली तर ती नात शिकणार कुठे? सगळ्यांचं हळदीकुंकू माझ्या घरी. रथसप्तमीच्या आधी. आणि डॉक्टरीणबाईंना बोलवा. कोणती गोळी धड आहे नि कोणती बाद, मला काय कळतंय?"

असं मला आयुष्यात पहिल्यांदा हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गोळ्या तपासायला!

मी पांढरं पातळ नेसून, हातात औषधांची पेटी घेऊन गेले. मागच्या दारानं जाणार होते, तर दिघेवहिनी पुढच्या दारात उभ्या. "तिकडून कुठे? आत या, मध्ये बसा." सतरंजीवर दहा-बारा जणी. एक सून हळदीकुंकवाची कुयरी घेऊन प्रत्येकीला लावत आली आणि माझ्यासमोर येऊन थबकली. तिला समजेना काय करावं. सगळ्यांचे डोळे आमच्याकडे. मी हात पुढे केला, "अत्तर लाव गं मला, आणि जा पुढे. मला खूप काम आहे." तिनं अत्तर लावलं. मग मी बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मग पुड्या निघाल्या. बापरे, काय एकेक अवस्था! एकीनं पुडी देवापाशी ठेवून रोज हळदकुंकू वाहिलं होतं, गोळ्या पिवळ्याधमक. एकीच्या तिळगुळाला चिकटून बसलेल्या. एकीनं अर्धी चाटून बघितलेली. धड गोळ्या मी वेगळ्या काढत होते, आणि त्या निवडता निवडता कोणीतरी विचारलं, "डॉक्टरीणबाई, पण हे होतं तरी का?"

आणि मी बोलायला लागले. दवाखान्यात दार लोटून, आवाज खाली आणून जे एकेकीला सांगत होते, ते तिथे सगळ्यांना एकदम, मोठ्यानं. पित्त नाही, दृष्ट नाही, डोकं फिरलेलं नाही. ज्या वयात केस पांढरे होतात त्याच वयात हे होतं. कोणाला गोळीची गरज पडते, कोणाला नाही. तपासल्याशिवाय कोणी घ्यायची नाही. मग दिघेवहिनी म्हणाल्या, "मी पहाटे नळाखाली डोकं धरते. सुनेला सांगते, केस धुतले." दुसरी म्हणाली, "मी गाईपाशी जाऊन रडते." तिसरी म्हणाली, "मला वाटायचं, फक्त मलाच होतं." तिच्या त्या वाक्यावर सगळ्या एकदम "मलाही!" म्हणाल्या आणि मग जो हशा आणि जे रडणं सुरू झालं! नवऱ्यांच्या नकला झाल्या, सासवांच्या झाल्या. बाहेर दिघे वकील दोनदा खाकरून गेले, कोणी लक्ष दिलं नाही. एवढा मोठा दवाखाना मी जन्मात चालवला नव्हता. मला असं वाटत होतं की उद्याच्या उद्या गावोगाव सतरंज्या घालून बसावं!

प्रत्येकीनं आपलं वाण मनोरमाबाईंच्या ओटीत टाकलं. मनोरमाबाई हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

पण हिशेब बसेना. धड गोळ्या थोड्याच निघाल्या. पूर्वीचं माप दिलं असतं तर कमिटीच्या आधीच संपल्या असत्या. एकदम संपल्या की पाळी, आणि आग दुप्पट. शेवटच्या दिवसांत जास्त दिली असती तर मळमळ. मी बराच वेळ डोकं खाजवलं आणि अर्धी-अर्धीवर आणलं. मनोरमाबाईंना स्पष्ट सांगितलं, "झोप येईल. डोकं ठिकाणावर राहील. पण एखादा भपका यायचाच. त्याला माझ्याकडे उपाय नाही."

"नेमका कमिटीसमोर आला तर?"

मी म्हटलं, "आला तर आला."

त्या दिवशी मी दवाखाना बंद ठेवला आणि त्यांच्याबरोबर कोठीवर गेले, सरकारी कचेऱ्या तिथेच. थंडी अशी की शिपाई कान बांधून उभे. बाहेरच्या बाकावर मी बसले. दाराला नुसता पडदा, आतला शब्दन् शब्द ऐकू येत होता. साहेब तिघे होते, आणि त्यातले एक तेच, शाळेतले.

मनोरमाबाईंचा आवाज सुरुवातीला खणखणीत. शाळेत किती मुली, कोणता वर्ग हिंदीत करणार, कोणत्या मास्तरणीला हिंदी शिकवावं लागेल, सगळं तोंडपाठ. मी मनात म्हणत होते, चला, निभावलं. आणि मग त्या थांबल्या. वाक्याच्या मध्यावर.

मला न बघताच दिसत होतं, लाली कुठवर चढली असेल ते. आत कोणीतरी कागद हलवले. तो शाळेतला आवाज म्हणाला, "देखिए, मैंने कहा था न. बाईजी, आप बाहर जाकर बैठना चाहें तो..."

आता पळणार, मला वाटलं. मी बाकावरून उठलेही.

"नहीं साहब, मैं कहीं नहीं जाऊँगी." मैदानावरचा तो आवाज! "मेरी तबीयत बिलकुल ठीक है. मेरी उम्र में औरत को यह गर्मी चढ़ती है. आपके घर में भी चढ़ती होगी, आपको किसी ने बताया नहीं होगा. दो मिनट में उतर जाएगी. आप ज़रा वह खिड़की खोल दीजिए, तब तक मैं आपके सवाल का जवाब पूरा करती हूँ."

शिपायानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खिडकीचा खिट्टा निघाला आणि पडदा बाहेरच्या बाजूला फुगला. मनोरमाबाईंनी राहिलेलं वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

त्या बाहेर आल्या तेव्हा पोलकं भिजलेलं होतं आणि दात थंडीनं वाजत होते. मी माझी शाल त्यांच्या खांद्यांवर टाकली.

एवढ्यात पडद्यातून एक साहेब बाहेर आले. त्या तिघांत सगळ्यात वडील, मफलर गुंडाळलेले. मनोरमाबाईंना म्हणाले, "मास्टरनीजी, आप घर जाइए. स्कूल आप ही के पास रहेगा." त्यांनी मान खाली घालून हात जोडले आणि टांग्याकडे जवळजवळ धावतच निघाल्या. भाऊसाहेबांना सांगायचं होतं ना!

मीही निघाले, तर साहेब तिथेच उभे. मफलरचं टोक बोटांत धरून. इकडे तिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आप इनकी डॉक्टर हैं?"

"जी."

"मेरी पत्नी रात को उठकर आँगन में बैठी रहती है. इस ठंड में. दो साल हो गए." त्यांनी मफलर गळ्याभोवती आवळला. "मैं समझता रहा, मुझसे नाराज़ है."

मी म्हटलं, "कल ले आइए."